घराण्याचे दात, घरातल्या सवयी

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळच्या वेळी रांगेतल्या माणसांचे बोलणे ऐकले, तर एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘आमच्या घराण्यातच दात खराब आहेत.’ मांडीवर पाच वर्षांचे पोर, त्याचा एक गाल सुजलेला, रात्रभर सारे घर जागे. आई सांगते, माझ्याही दाढा पंचविशीतच गेल्या, याच्या मामाचेही तेच. शेजारी बसलेले आजोबा मान डोलावतात आणि आपले बोळके तोंड दाखवून दुजोरा देतात.

या वाक्यात सांत्वन असते, कारण पोराच्या दुखण्याचा दोष कुणाच्याच माथी येत नाही. पण त्याच वाक्याने एक दार बंदही होते. जे रक्तातच आहे त्याला इलाज काय, असे एकदा मनाने घेतले की ब्रश, पेस्ट, तपासणी हे सारे व्यर्थ वाटू लागते. मग दात ठणकला की काढायचा, एवढेच दंतवैद्यकाचे काम उरते. म्हणूनच घराण्याच्या दातांची ही समजूत कितपत खरी आहे, हे नीट पाहायला हवे. ती पूर्णपणे खोटी नाही. पण लोक समजतात तेवढी आणि तशी खरीही नाही.

कीड म्हणजे नेमके काय?

मराठीत दाताला ‘कीड’ लागते. जगातल्या अनेक जुन्या संस्कृतींत दातात अळी शिरते, अशी समजूत होती. धुरी देऊन दातातली अळी बाहेर काढून दाखवणारे बाजारातले वैदूही त्याच समजुतीवर पोट भरत. प्रत्यक्षात दातात अळी नसते. विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनमध्ये काम करताना १८९० मध्ये खरी प्रक्रिया मांडली : तोंडातले जिवाणू अन्नातली साखर आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे १९२४ मध्ये लंडनच्या किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा केला, त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. तो एकटाच दोषी नाही हे आता कळले आहे, पण या टोळीतला तो प्रमुख आहे.

दाताचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र त्यात एकही जिवंत पेशी नसते. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलला एकदा खड्डा पडला की शरीर तो बुजवू शकत नाही. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या चिकट थरातली आम्लता वाढते. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिजे झिजू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, निष्प्रभ करते, आणि आपल्यातले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत देते. याला अर्धा ते एक तास लागतो. दिवसभर ही रस्सीखेच चालू असते. झीज भरपाईपेक्षा जास्त झाली की आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो, आणि दुर्लक्ष झाले तर त्या जागी खड्डा पडतो. पांढरा डाग अजून सुधारता येतो; खड्डा भरावाच लागतो. साखर, जिवाणू, लाळ आणि इनॅमल हे या खेळातले चार गडी आहेत. आता आनुवंशिकता यांतल्या कुणाच्या अंगात शिरते ते पाहू.

जनुके काय करतात?

इनॅमल घडवण्यासाठी शरीर अमेलोजेनिन, इनॅमेलिन अशी खास प्रथिने वापरते. त्यांची जनुके बिघडली तर इनॅमल पातळ, मऊ किंवा खडबडीत बनते. क्वचित एखाद्या कुटुंबात हा दोष इतका तीव्र असतो की सारेच दात पिवळे-तपकिरी येतात आणि लवकर झिजतात. अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा नावाचा हा विकार खऱ्या अर्थाने घराण्याचा आहे. पण तो फार थोड्या घरांत आढळतो. बाकीच्यांमध्ये जनुकांचे छोटे छोटे फरक असतात. कुणाची लाळ जास्त सुटते, कुणाची कमी. कुणाच्या लाळेत आम्ल शमवण्याची ताकद अधिक असते. कुणाच्या दाढांवरच्या घळी इतक्या खोल आणि अरुंद असतात की ब्रशचा केस आत पोचत नाही. गोड आणि कडू चव ओळखणाऱ्या जनुकांतही माणसामाणसांत फरक असतो, त्यामुळे एखाद्याला गोडाची ओढ मुळातच जास्त असू शकते.

हे केवळ तर्क नाहीत. जन्मानंतर वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकरूप जुळ्यांचे दात अमेरिकेतील मिनेसोटा येथे तपासले गेले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरे वेगळी असूनही या जुळ्यांच्या किडीत लक्षणीय साम्य आढळले. २०१९ मध्ये युरोपातल्या लाखो लोकांच्या माहितीवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासाने किडीशी संबंध असलेल्या ४७ जनुकीय जागा दाखवल्या. म्हणजे आनुवंशिकता आहे, यात शंका नाही.

मात्र याच आकड्याकडे नीट पाहिले पाहिजे. किडीचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा प्रत्येकी अगदी बारीक वाटा आहे, आणि त्यातल्या कुठल्याही एकाने कुणाचा दात किडतो असे म्हणता येत नाही. म्हणूनच रक्त किंवा लाळ तपासून ‘तुमच्या मुलाचे दात किडणार’ असे सांगणाऱ्या जनुकीय चाचणीवर सर्वसामान्य कुटुंबाने पैसे घालवण्यात आज अर्थ नाही. आई-वडिलांच्या आणि मोठ्या भावंडांच्या तोंडात डोकावून पाहणे ही त्याहून उपयोगी आणि फुकटची चाचणी आहे.

आणखी एक गोष्ट. आनुवंशिकतेचा वाटा अमुक टक्के, असे जेव्हा संशोधक सांगतात, तेव्हा ते एका माणसाचे नशीब सांगत नसतात. लोकांच्या एका गटात दिसणाऱ्या फरकांपैकी किती फरक जनुकांमुळे, एवढेच तो आकडा सांगतो. सगळेच सारखी साखर खात असतील तर उरलेला फरक जनुकांचा दिसेल. खाण्यापिण्यात जमीन-अस्मानाचे अंतर असेल तर तोच वाटा लहान होईल. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो.

वारसा कशाकशाचा?

मेलबर्न येथे जुळ्या मुलांच्या सुमारे पावणेदोनशे जोड्यांचा आईच्या पोटात असल्यापासून सहा वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. किडीच्या बाबतीत एकरूप जुळी परस्परांशी जेवढी मिळतीजुळती होती, जवळपास तेवढीच भिन्न जुळीही होती. म्हणजे या वयात जनुकांपेक्षा सामायिक परिस्थितीचे वजन जास्त ठरले. गरोदरपणी आईचा लठ्ठपणा आणि पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड नसणे यांचा किडीशी संबंध दिसला. दुधाच्या दाढांचे इनॅमल मुळातच कच्चे असणे, हेही एक कारण होते. पण त्या कच्चेपणामागेही गर्भावस्थेतली परिस्थिती असू शकते. त्याआधी २०१७ मध्ये जुळ्यांच्या ४८५ जोड्यांच्या तोंडातले जिवाणू तपासणाऱ्या अभ्यासात असे दिसले होते की जे जिवाणू आनुवंशिकतेने ठरतात ते बहुतांशी किडीशी संबंधित नसतात. किडीशी नाते असलेल्या जिवाणूंवर साखरेसारख्या गोष्टींचा प्रभाव अधिक असतो.

तरीही आईचे दात खराब असले तर मुलाचेही खराब होतात, हे घरोघरी दिसते. कारण कुटुंबात फक्त जनुके वारशाने येत नाहीत. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात म्यूटन्स नसतो. तो पुढे घरातल्या माणसांकडून, बहुतेक वेळा आईकडूनच येतो. भात गरम आहे का हे स्वतःच्या तोंडाने पाहून तोच चमचा बाळाला देणे, खाली पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ करणे, ही मायेची कामे जिवाणूंची वाहतूक करतात. आईच्या तोंडात उघड्या किडक्या दाढा असतील तर बाळाला हा जिवाणू लवकर आणि भरपूर मिळतो.

त्याच्याबरोबर बाकीचाही वारसा येतो. चहात साखर किती, बिस्किटाचा पुडा घरात कायम असतो की नाही, रडणाऱ्या पोराला काय देऊन गप्प करायचे, रात्री दात घासायचे असतात हे कुणाला माहीत आहे का, दवाखान्याची पायरी कधी चढायची, हे सारे घरातूनच शिकले जाते. आजी, आई आणि नात या तिघींचे दात एकाच पद्धतीने किडतात, तेव्हा तिघींची चहाची बरणीही एकच असते, हे लक्षात घेतले जात नाही.

विदर्भाच्या पाण्याचा धडा

सबंध वस्तीत एकच व्याधी दिसली म्हणजे ती रक्तातूनच आली असे नसते, याचा पुरावा विदर्भाला लांब शोधायला नको. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पिढ्यानपिढ्या मुलांचे दात खडूसारखे पांढरे, पिवळे किंवा तपकिरी पट्ट्यांचे येत राहिले. बाप तसा, मुलगा तसा. मग ते त्या घराण्याचे, त्या गावचे लक्षण ठरले. कारण होते बोअरवेलच्या पाण्यातले जास्तीचे फ्लोराइड. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी असेच तपकिरी दात पाहिले होते. तिथल्या पाण्यातले फ्लोराइड हे त्याचे कारण असल्याचे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्यापुढे दात डागाळतात आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे-सांधेही आखडतात. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातले फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली, ही या शहराला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

गंमत अशी की मॅकेच्या त्या शोधातूनच दुसरी बाब उघडकीस आली : या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागत होती. थोडे फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर राहिले तर विरघळलेली खनिजे परत बसायला मदत होते आणि नवा थर आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणूनच ते टूथपेस्टमध्ये घालतात. विदर्भात मात्र ‘फ्लोराइड वाईट’ एवढेच लोकांच्या डोक्यात राहिले आणि ते कळत-नकळत पेस्टलाही चिकटले. पाण्यातून पोटात जाणारे जास्तीचे फ्लोराइड आणि दातावर लावून थुंकून टाकायचे फ्लोराइड यांत फरक आहे. नागपूर शहराला पेंच आणि कन्हान यांचे पाणी मिळते, आणि धरण-नदीच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते. तेव्हा शहरवासीयाने फ्लोराइडची पेस्ट घाबरून टाकून देण्याचे कारण नाही. ज्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे सरकारी तपासणीत आढळले आहे, तिथे आधी पाणी बदलावे आणि लहान मुलांच्या पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

साखर किती, यापेक्षा किती वेळा

किडीबद्दलचा सर्वांत कडवा धडा स्वीडनमधून आला. १९४० च्या दशकात लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम निरनिराळ्या प्रकारे साखर खायला दिली गेली. त्यांची संमती घेतली नव्हती आणि अनेकांचे दात कायमचे गेले. वैद्यकीय नीतिमत्तेच्या इतिहासात तो प्रयोग काळ्या अक्षरांत लिहिला गेला आहे. पण त्यातून कळले ते असे : जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली. स्वीडनमधील पालकांनी त्यावरून मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी द्यायची प्रथा उचलून धरली, ती आजही टिकून आहे.

हा हिशेब नागपूरच्या दिवसाला लावून पाहा. सकाळचा चहा-बिस्किट, नाश्त्याला तर्री-पोहे आणि वर पुन्हा चहा, कार्यालयात अकराचा चहा, दुपारी चहा, पाच वाजता टपरीवरचा चहा. प्रत्येक कपात साखर दोनच चमचे असेल. पण प्रत्येक घोटाने दातावर अर्ध्या-एक तासाचा आम्लाचा मारा सुरू होतो. एक मारा ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तोंड कोरडे पडते, लाळ कमी होते. आणि त्याच दिवसांत रसवंतीचा रस, बर्फाचा गोळा, सरबत, शीतपेय यांचा मारा वाढतो. ही जोडी दातांना सर्वांत जड जाते. तहानेला साधे पाणी, माठातले असो की नळाचे, हेच दातांचे औषध.

यात संत्र्याला आरोपी करण्याचे कारण नाही. जेवणानंतर सोलून खाल्लेले एक संत्रे नुकसान करत नाही. तासभर घोट घोट घेतलेला साखर घातलेला रस करतो. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश मात्र करू नये, कारण आम्लाने मऊ झालेला थर घासून निघतो. चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे. दिवाळीचे लाडू, संक्रांतीचा तिळगूळ, संत्रा बर्फी यांवर पाणी सोडण्याचीही गरज नाही. ते जेवणाच्या ताटात खावे, दिवसभर येता-जाता नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत असल्यास उत्तम. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. तीन कप चहात तो हिशेब संपतो.

घरात काय करावे?

ज्या घरात आई-वडिलांचे दात लवकर किडले आहेत, त्या घराने हे सारे इतरांपेक्षा लवकर आणि काटेकोरपणे करावे. सुरुवात गरोदरपणात व्हावी. गर्भवतीने, शक्यतो चौथ्या ते सहाव्या महिन्यात, दात तपासून उघड्या किडी भरून घ्याव्यात. हे उपचार त्या काळात सुरक्षितपणे करता येतात. बाळाला दुधाची किंवा साखर-पाण्याची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. पहिला दात आला की तो घासायला लागावे आणि वर्षाच्या आत एकदा दंतवैद्याला दाखवावे.

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. जाहिरातीत दिसते तसा ब्रशभर पट्टा नको. पाकिटावर फ्लोराइडचे प्रमाण पाहावे. भारतात त्याची मर्यादा १००० पीपीएम आहे आणि किडीवर परिणाम होण्यासाठी साधारण तेवढेच लागते. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये आणि दंतमंजनात ते नसते. कडुनिंबाची काडी दात स्वच्छ करते, पण दाढांच्या मागच्या बाजूंना पोचत नाही आणि फ्लोराइडची उणीव भरून काढत नाही. राखुंडी, वीट, कोळसा यांनी इनॅमल खरवडले जाते, ते परत येत नाही.

दोन वेळांपैकी रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काहीही नाही, हा नियम दुधालाही लागू. ब्रशनंतर फेस थुंकावा. भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरल्या की दातावर राहायला हवे ते फ्लोराइडही वाहून जाते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासावेत. त्या वयाच्या आधी मुलाच्या हाताला ते वळण नसते.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची आहे, जन्मभर चावण्याचा भार तिच्यावर आहे, आणि सर्वांत आधी तीच किडते. तिच्यावरच्या खोल घळी ‘सीलंट’ने बुजवण्याचे काम काही मिनिटांचे असते आणि त्यात सुई टोचावी लागत नाही. ज्यांच्या घराण्यात खोल घळींच्या दाढा आहेत, त्यांच्यासाठी वारशावरचा हा सरळ इलाज आहे.

दात तोंडापुरता नसतो

दुधाचे दात पडणार म्हणून त्यांची किंमत कमी नाही. ते मागच्या दातांची जागा राखतात. ठणक असलेले मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, वर्गात लक्ष देत नाही. दाढेतला पू जबड्याखाली आणि जिभेच्या तळाशी पसरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. दातदुखीबरोबर ताप, गळ्याखाली कडक सूज, तोंड न उघडणे, गिळता न येणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुकानातून आणलेल्या दोन गोळ्यांनी हे थांबत नाही, फक्त लांबते.

मधुमेहात तोंड कोरडे पडते, हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही. बालपणीच्या सांधेतापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्यांना तोंडातल्या जिवाणूंपासून हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यात दाताचा संसर्गही वेदनेचा झटका आणू शकतो. सिकलसेल हा खरोखर जनुकांचा आजार. पण त्या रुग्णाचा दात वाचवणे आपल्या हातात आहे. ॲलर्जी, नैराश्य, रक्तदाब यांवरच्या काही औषधांनी लाळ कमी होते, तर मुलांची अनेक पातळ औषधे साखरेने भरलेली असतात. ती देताना चूळ भरायला सांगणे हे फिजिशियनचे आणि बालरोगतज्ज्ञाचेही काम आहे.

आणि खर्रा. सुपारीने दात झिजतात, तंबाखूने हिरड्या सोडतात, पुढे तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. तेव्हा किडलेल्या दाढेपर्यंत दंतवैद्याचा हातच पोचत नाही. दात ‘साफ’ करण्यासाठी नस किंवा गुडाखू लावणाऱ्या घरांत तीच सवय मुलींकडेही जाते. हाही वारसाच.

सरकारी खुर्चीपलीकडे

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या सुमारे ६३ टक्के मुलांना कीड आढळली होती. निम्म्याहून अधिक मुलांना जडणारी व्याधी काही निवडक घराण्यांची असूच शकत नाही. ती समाजाच्या सवयींची आणि व्यवस्थेची व्याधी आहे.

व्यवस्थेने काहीच केले नाही असे नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडून अंगणवाड्या व शाळांत होणाऱ्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमून ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू केले. पण कीड आहे असे कागदावर लिहिणे आणि ती भरणे यांत मोठे अंतर राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट, किडीवर थेंब लावून ती रोखणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. या तिन्हींना ड्रिलची किंवा विजेवरच्या खुर्चीची गरज नाही. ती तालुक्याच्या रुग्णालयात आणि शाळेच्या व्हरांड्यात वापरता येतात. १९६८ पासून या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगण्याच्या बाजूला खासगी दंत महाविद्यालये आहेत. दरवर्षी इथून तरुण दंतवैद्य बाहेर पडतात. त्यांच्या हातांना शाळा आणि अंगणवाडी नेमून दिली, अंगणवाडीत खाऊनंतर मुलांना रोज ब्रश करायला लावला, गर्भवतीच्या तपासणीत दातांचा एक रकाना जोडला आणि शाळेच्या फाटकाबाहेरचे गोळ्या-चॉकलेट थोडे दूर सारले, तर खर्च फार नाही. एका रूट कॅनलच्या पैशांत कित्येक मुलांच्या सहाव्या वर्षीच्या दाढा वाचतात.

शेवटी रांगेतल्या त्या आईचे वाक्य. ‘आमच्या घराण्यातच दात खराब’ हे तिने जरूर म्हणावे, पण पाच वर्षांनी, गाल सुजल्यावर नव्हे. ते पोर पोटात असताना, तपासणीच्या पहिल्याच दिवशी म्हणावे. आणि ते ऐकणाऱ्या डॉक्टरने मान डोलावून पुढचा रुग्ण बोलावू नये; त्याच दिवशी तिचे तोंड उघडून पाहावे. मधुमेह घराण्यात असला की शहाणा माणूस साखर लवकर तपासतो. दातांच्या बाबतीतही घराण्याचा उपयोग एवढाच : इतरांपेक्षा लवकर जागे व्हायला.